शैलजाच्या गोळ्या, हरीदादाचे कान

इंदूर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. हरीदादा,

नमस्कार. परवा फोन ठेवला आणि ठरवलं की आता चिठ्ठीच लिहायची. मी विचारत होते, दिवाळीत घरी कोण कोण आलं, आणि तू सांगत होतास की नळाला पाणी रोज सकाळी येतं. लाइन खराब होती असं म्हणू. तुझा तो बटणांचा मोबाइल, त्यावर मेसेज वाचणं तुला मंजूर नाही. मग हेच बरं. मावशी होती तोवर मिरजेहून इंदूरला पत्रं यायचीच की.

माझी खबर एकदम बढिया आहे. सत्तरी पूर्ण झाली आणि तबियत पन्नाशीतली वाटते. हे गेल्यावर तीन-चार वर्षं मी घरात नुसती बसून काढली. सकाळी चहा, दुपारी टीव्ही, संध्याकाळी गॅलरीतून पलासियाचा ट्रॅफिक बघायचा. दसऱ्यापासून मात्र कॉलनीच्या गार्डनमध्ये जायला लागले. सुधाकरजी म्हणून रिटायर्ड इंजिनीअर आहेत, ते प्राणायाम घेतात. मग दोन राउंड, मग गप्पा. रविवारी पोहे.

पण असली फरक पडला तो मधुरिमामुळे. ही आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. तिने एका कंपनीच्या गोळ्या सुरू करून दिल्या. अश्वगंधा, हळदीचा अर्क, आवळा, गुग्गुळ, सगळं नॅचरल. गुडघे सकाळी आखडायचे ते बंद झालं, झोप छान लागते. ती स्वतःही घेते आणि ओळखीत देते. मी आता गार्डनमधल्या चार जणींना लावून दिल्या आहेत. तुझ्यासाठी एक डबा या चिठ्ठीबरोबर कुरिअरने पाठवते आहे. जेवणानंतर दोन, सकाळ-संध्याकाळ.

आणि हे मला का हवंय ते सांगते. मानस बंगलोरहून दर रविवारी एकच विषय काढतो. आई, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तू एकटी, फ्लॅट काढून टाकू आणि तू इकडे ये. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथे मी काय करणार, त्यांच्या ऑफिसमधून परत यायची वाट बघणार? मी त्याला म्हटलं, पुढच्या दिवाळीपर्यंत थांब. तोवर मी कुठे कमी पडले तर स्वतः सामान बांधीन. तो हो म्हणाला. म्हणजे आता मला फिट राहायलाच हवं, समजलास?

तुझी
शैला


मिरज
२९ नोव्हेंबर २०२४

चि. शैलास अनेक आशीर्वाद.

पत्र आणि डबा दोन्ही मिळाले. पत्र दोनदा वाचलं. डबा उघडला नाही, फक्त लेबल भिंगातून वाचलं. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवल्यावर ही सवय जात नाही.

लेबलावर सूर्याचं चित्र मोठं आहे आणि अक्षरं बारीक. कुठल्या वनस्पतीचा अर्क किती, हे कुठेही लिहिलेलं नाही. सगळ्यांची मिळून एकच बेरीज दिली आहे. मला हे आवडलं नाही. आपण भाजीत हळद घालतो ती चिमूटभर, आणि तिच्यातला फार थोडा भाग अंगात जातो. या गोळीत हळदीचा सार काढलेला आहे, आणि तो अंगात जास्तीत जास्त शिरावा म्हणून मिऱ्याचा अर्कही घातलेला आहे. तेव्हा ही हळद तुझ्या डब्यातली हळद नव्हे. नाव तेच, काम वेगळं. नॅचरल म्हणून सोसवेलच असं नाही.

तू रक्तदाबाची गोळी घेतेस. तिच्या जोडीला हे चालेल का, हे डॉक्टरांना विचारलंस का? त्या चार बायका आणखी काय काय घेतात हे तुला ठाऊक आहे का?

माझं विचारशील तर पंचाहत्तरी उलटून मी एकही जादा गोळी घेत नाही. पहाटे उठतो, नदीपर्यंत चालत जाऊन येतो. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक. दिवे लागल्यावर थोडं वाचन आणि लवकर झोप. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पूर्वी संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर जात असे, ते मात्र सोडलं. हल्ली लोक फार पुटपुटतात. स्पष्ट बोलायची पद्धतच राहिली नाही. त्यापेक्षा घर बरं.

मराठीत हिंदी कमी मिसळ. ‘बढिया’ वाचताना माझं भिंग थरथरतं.

तुझा
हरीदादा


इंदूर
२ जानेवारी २०२५

ती. हरीदादा,

नववर्षाच्या शुभेच्छा. उत्तराला उशीर झाला, जरा सुस्ती आहे.

तू जन्मभर पांढऱ्या गोळ्या विकल्यास, म्हणून तुला झाडपाल्यावर शक येतो. डॉक्टरांना काय विचारायचं? ही दवा नाहीये. आपल्या आज्यासुद्धा आवळा खायच्या, हळदीचं दूध प्यायच्या आणि नव्वदीपर्यंत काठी न घेता खजराना गणपतीला जाऊन यायच्या. असो. मी घेते आहे आणि मला फायदा आहे.

थोडी कुरकुर आहे, पण ती थंडीची. यंदा इंदूरमध्ये कडक थंडी पडली आहे. कातडी कोरडी होऊन अंगभर खाज सुटते, खोबरेल लावते. भूक मेली आहे, पोह्यांचा वाससुद्धा नको वाटतो. दुपारी आडवं व्हावं लागतं. मधुरिमा म्हणाली, “काकू, शरीर आतून साफ होतंय, त्याचं लक्षण आहे हे. थोडे दिवस तीन-तीन घ्या.” मग तीन-तीन चालू केल्या आहेत. गार्डनला चार-पाच दिवस गेले नाही. मानसला यातलं काही बोलले नाही, नाहीतर लगेच तिकीट काढेल.

आता तुझ्याबद्दल. दादा, माणसं पुटपुटत नाहीत. तुला ऐकू येत नाही. राग येईल, येऊ दे. दिवाळीच्या फोनवर लाइन अगदी साफ होती, मी मुद्दाम खोटं लिहिलं होतं. तू एकटा भाकरी खातोस, एकटा वाचतोस आणि एकटा झोपतोस, आणि त्याला दिनचर्या म्हणतोस. गावात कान तपासणारे असतील. जाऊन ये.

तुझी
शैला


मिरज
१३ जानेवारी २०२५

शैला,

काल जे झालं ते तुला पुरतं कळलं नसेल, कारण तू पलंगावर होतीस आणि मी फोनच्या या बाजूला बहिरा. म्हणून लिहितो.

तुझं पत्र काल दुपारी आलं. कानांबद्दल लिहिलंस ते वाचून राग आला, पण तो तेवढ्यापुरताच राहिला, कारण त्याच्या आधीचा मजकूर डोळ्यांपुढून हलेना. भूक नाही, मळमळ, अंगभर खाज, गळाठा. ही थंडीची लक्षणं नव्हेत. ही यकृताची तक्रार आहे. आणि त्यावर तू गोळ्या वाढवल्यास.

मी तुला फोन लावला. तू उचललास. मी ओरडून सांगितलं, गोळ्या बंद कर, रक्त तपासून घे. तू काहीतरी बोललीस. मी म्हटलं, पुन्हा बोल. तू पुन्हा बोललीस. आवाज येत होता, पण शब्द एकही कळेना. कान बदलून पाहिला. मग मी फोन हातात तसाच चालू ठेवून जिना उतरलो.

खाली अबोली राहते. कॉलेजात शिकवते, दोन वर्षांपासून माझी भाडेकरू आहे. आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपलीकडे कधी गेलं नव्हतं. तिने दार उघडलं. मी फोन पुढे केला आणि म्हणालो, “मला ऐकू येत नाही. ही माझी मावसबहीण आहे, आजारी आहे. ती काय म्हणते ते ऐक आणि मला लिहून दाखव.” शैला, हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. मुलापुढेसुद्धा नाही.

तिने मला आत बसवलं आणि लिहायला लागली. तू परवापासून दवाखान्यात आहेस. डोळे पिवळे झालेत. कावीळ म्हणून दाखल केलंय, पण कुठलाच संसर्ग सापडत नाही, रिपोर्ट रोज वाढतोय. मानस विमानाने येतोय. मी म्हटलं, ‘विचार, त्या डब्यातल्या गोळ्या कधी थांबवल्या.’ अबोलीने विचारलं. मग तिने लिहिलं, “थांबवल्या नाहीत. डबा उशाशी आहे. ताकद यावी म्हणून घेताहेत.”

मी म्हटलं, ‘डॉक्टरांना ठाऊक आहे का?’ तू म्हणालीस, डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, और कुछ लेती हैं क्या, आणि तू नाही म्हणालीस. कारण ते औषध नाही.

मग मी अबोलीला सांगितलं की फोन ठेवू नकोस. तिला म्हणावं, नर्सची घंटा दाब, आत्ता, आम्ही वाट बघतो. नर्स येईपर्यंत अबोलीने फोन कानाला धरून ठेवला. मग अबोलीने लिहिलं, “डबा नर्सच्या हातात दिला.” तेव्हा कुठे मी भिंतीला टेकलो.

तुझा आवाज कसा होता, असं मी तिला विचारलं. म्हणाली, “रडत नव्हत्या. पण घाबरलेल्या होत्या.”

आज सकाळी अबोलीने मानसशी बोलून खबर घेतली. रिपोर्ट वाढायचा थांबलेला नाही, पण डॉक्टरांना कारण कळलं आहे. मी रोज तिच्याकडून विचारत राहीन. हे पत्र पोचेल तेव्हा तू घरी असावीस.

हरीदादा


इंदूर
२४ फेब्रुवारी २०२५

ती. हरीदादा,

घरी आहे. डोळे पांढरे झालेत. आज प्रथमच टेबलाशी बसून लिहिते आहे.

त्या दिवशी नर्सने डबा नेला आणि थोड्या वेळात डॉ. स्मिता स्वतः आल्या. मी म्हटलं आता रागावतील. रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “माँजी, ये आपने पहले दिन बताया होता तो अच्छा होता। चलो, आज बताया, ये भी अच्छा है।” मग त्यांनी समजावलं. सगळ्यांना असं होत नाही, पण काही जणांचं लिव्हर या अर्कांवर बिघडतं, आणि आधी कुणाचं बिघडणार हे सांगता येत नाही. पुढचे चार-पाच दिवस वाईट गेले. रिपोर्ट आणखी चढला, मला सगळं धूसर दिसायचं, कुणी बोललं तर उत्तर सुचायचं नाही. मानस पलंगाशी बसून असायचा. एकदा मी डोळे मिटून पडले होते, त्याला वाटलं झोपले, आणि तो व्हरांड्यात जाऊन सुनेशी फोनवर बोलत होता. म्हणाला, “जर उतरलं नाही तर पुढे काय, ते डॉक्टर बोलायला तयार नाहीत.” तेव्हा मला कळलं की मी कुठपर्यंत जाऊन पोचले होते.

मग एका सकाळी आकडा उतरला. डॉ. स्मिता म्हणाल्या, त्या गोळ्या आणखी आठवडाभर पोटात गेल्या असत्या तर हे उतरलं असतं की नाही, त्या सांगू शकल्या नसत्या.

तुझे आभार मानणार नाही, तुला चालणार नाही. अबोलीला मात्र माझा आशीर्वाद सांग. तिने फोनवर मला इतकंच म्हटलं होतं, “काकू, आम्ही इथेच आहोत, घंटा दाबा.” मी दाबली.

घरी आले ती कशी, ते सांगते. माझ्याने तीन पायऱ्याही चढवेनात. मानस आणि वॉचमनने मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. मधुरिमा दारात उभी होती. मी मान वळवली.

मानस म्हणाला, “आता ठरलं ना, आई?” मी म्हटलं, “काही ठरलं नाही. बोली दिवाळीपर्यंतची आहे. मी खुर्चीतून वर आले, पण खुर्चीतून खाली जाणार नाही.” तो बिचारा हसला. एक महिना सुटी घेऊन राहिला, खिचडी शिकला, परवा गेला.

आता मला सांग, पाय परत कसे येणार? घ्यायचं काय आणि सोडायचं काय? या वेळी विचारून करणार आहे. आणि तू कान तपासलेस की नाही? ते लिहिलं नाहीस तर पुढचं पत्र नाही.

शैला


मिरज
२१ मार्च २०२५

चि. शैलास आशीर्वाद.

दोन्ही कानांत यंत्रं बसली. अबोली बरोबर आली होती. तपासणाऱ्या मुलीने आलेख दाखवला आणि म्हणाली, आजोबा, पाच-सात वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. तिने दुसरीही गोष्ट सांगितली. ऐकू येत नाही म्हणून माणूस लोकांत जाणं टाळतो आणि त्याने डोकंही लवकर थकतं. घरी आलो तर काय, प्लॅस्टिकची पिशवी एवढी वाजते हे मी विसरलोच होतो. पंखा वाजतो, माझ्या चपला वाजतात. पहिले आठ दिवस वैताग आला, काढून ठेवावंसं वाटलं. अबोली रोज संध्याकाळी चहाला येऊन बसायची आणि कानांत यंत्र नसेल तर बोलायचीच नाही. आता सवय झाली.

तू लिहिलंस ते खरं निघालं. भाकरी, ताक, चालणं हे सगळं नेमानं करत होतो, पण आठवडेच्या आठवडे कुणाशी चार वाक्यं बोलत नव्हतो. त्याचा हिशेब मी धरलाच नव्हता.

आता तुझं. घाई नको. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. जमेल तितकंच, पण रोज. नुसत्या चालण्याने मांड्यांत बळ येत नाही, त्यांना ओझं लागतं. फिजिओथेरपिस्ट गाठ, तो पायऱ्या आणि तोल दोन्ही शिकवील. खाण्यात प्रत्येक जेवणाला डाळ, उसळ, दही, पनीर यांतलं काहीतरी घसघशीत हवं. तू दुपारी चहा-खारी खाऊन भागवतेस, ते बंद. झोपेची वेळ ठरलेली हवी. आणि माणसांत जा.

गोळ्यांचं म्हणशील तर मी सरसकट विरोधात नाही. रक्त तपासून जे कमी असेल ते डॉक्टर सांगतील तेवढं, तितके दिवस घ्यायचं. आपण शाकाहारी माणसं, बी-ट्वेल्व्ह बघून घे. ड जीवनसत्त्व बघून घे. अंदाजाने काही नको, आणि जे घेशील ते डॉक्टरांना सांगून घे. मग ते चूर्ण असो की काढा.

मधुरिमेकडे मान वळवलीस, ते लिहिलंस म्हणून विचारतो. ती स्वतःही त्याच गोळ्या घेते ना? तिचं रक्त कुणी तपासलं?

हरीदादा


इंदूर
१९ जुलै २०२५

ती. हरीदादा,

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मी दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी मधुरिमाचं दार वाजवलं.

ती रडायलाच लागली. म्हणाली, “काकू, मला वाटलं तुम्ही कधी बोलणार नाही.” मी म्हटलं, “रडणं नंतर. आधी माझ्याबरोबर डॉ. स्मितांकडे चल.” तिचं रक्त ठीक निघालं. तेच डबे, तेवढेच महिने, आणि तिला काही नाही. पण तिने विकणं बंद केलं. कंपनीच्या माणसाने तिला फोनवर पुष्कळ सुनावलं, तिनेही त्याला सुनावलं.

मग मी गार्डनमध्ये गेले. ज्या चार जणींना मी गोळ्या लावून दिल्या होत्या त्यांच्यापुढे उभं राहणं, त्याच्यासारखं कठीण काही केलं नाही. सगळ्यांना बसवून सरळ सांगितलं. मला काय झालं, मी डॉक्टरांशी काय खोटं बोलले, आणि तुम्ही उद्याच्या उद्या रक्त तपासा. एकीचं थोडं चढलेलं निघालं, ते वेळेत उतरलं. मी सुटले.

पाय येताहेत. देवांश म्हणून एक तरुण फिजिओ आहे, तो आधी घरी यायचा, आता मी त्याच्या क्लिनिकला जाते. पलासियात, चालत. बी-ट्वेल्व्ह खरंच फार कमी होतं, डॉ. स्मितांनी सुरू केलं, मोजून. सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी वरण आणि दही. एक मजला न थांबता चढते, मग दोन. मागच्या आठवड्यात भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्यावर आले आणि कुलूप उघडेपर्यंत लक्षातच आलं नाही की मी कुठे थांबले नव्हते.

पण आता नवीन काम मागे लागलंय. गार्डनमधले सगळे मला विचारतात. शैलजाजी, मी हे चूर्ण घेतो, चालेल? माझ्या बहूने अमेरिकेहून ही शीशी आणली, घेऊ? सुधाकरजींनी तर परवा पिशवीच आणली, तीन डॉक्टरांच्या गोळ्या, वर दोन काढे. त्यांना उठताना चक्कर येते. मला यातलं काय कळतंय? मी एकदा न कळता सांगून बसले, तेवढं पुरे.

तुला कळतं. आणि आता तुला ऐकूही येतं. पाऊस जरा ओसरला की इंदूरला ये. महिनाभर राहा. आमच्या गार्डनमध्ये बाकडी आहेत, सावली आहे. तू फक्त बसायचं आणि लोकांच्या पिशव्या बघायच्या. डॉ. स्मितांना मी विचारलंय. म्हणाल्या, बदलायचं काही नाही, पण काय काय चाललंय ते नीट लिहून माझ्याकडे पाठवा, आम्हाला तेच कधी कळत नाही.

तुझी
शैला


मिरज
४ ऑगस्ट २०२५

शैला,

पुण्याहून इंदूरच्या गाडीचं गणेशोत्सवानंतरचं आरक्षण अबोलीने करून दिलं आहे. भिंग बरोबर आणतो. ‘बढिया’ची सवय करून घेतो.

हरीदादा


इंदूर
२८ ऑक्टोबर २०२५

ती. हरीदादा,

तू गेल्यापासून बाकडं रिकामं आहे आणि मला रोज जाब द्यावा लागतो. भियाजी कब आएंगे? तू इथे भियाजी, म्हणजे सगळ्यांचा मोठा भाऊ, झालास हे मिरजेत कुणाला सांगू नकोस.

तू गेल्यावरच्या गोष्टी लिहिते, तुला ठाऊक असायला हव्यात. सुधाकरजींच्या पिशवीत तुला एकच रक्तदाबाची गोळी दोन वेगळ्या नावांनी सापडली होती, आणि वर रक्तदाब उतरवणारा काढा. तू लिहून दिलेला कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. एक गोळी आणि काढा बंद झाला, चक्कर थांबली. त्यांची बायको स्वतः घरी येऊन गेली, जिना चढून, धापा टाकत, केवळ हे सांगायला. त्या जनाबाई, ज्यांना तू म्हणालास की तुमच्याजवळची एकही शीशी वाईट नाही पण एकीचीही गरज नाही, त्या तुझ्यावर अजून रुसल्या आहेत. शीश्या मात्र बंद केल्या आणि आता संध्याकाळी देवांशकडे खुर्चीवरून उठबस करायला येतात. मधुरिमाने ग्रुपवर टाकलं आहे, नवीन काही घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. तिचं लोक ऐकतात, कारण तिने विकून पाहिलंय.

दिवाळीला मानस सुनेला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर गार्डनला आला, कडेला उभा राहून सगळं बघितलं. परत येताना जिन्यात मी पुढे होते. वर पोचल्यावर म्हणाला, “आई, मी फ्लॅटचा विषय आता काढणार नाही. पण वर्षातून एकदा तरी राहायला ये.” मी म्हटलं, “पाहुणी म्हणून बोलाव, जरूर येईन.” जानेवारीत जाते आहे. परतीचं तिकीट काढलंय.

आता एक गोष्ट, जी तू इथे असताना बोलायची राहिली. राहिली म्हणजे मी टाळली, कारण तू नाही म्हणालास तर तोंडावर ऐकायचं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावरचे प्रेमलताबाईंचे भाडेकरू डिसेंबरात जाताहेत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, सकाळचं ऊन येतं. तुझा मुलगा कॅनडात, मिरजेचं घर अबोलीच्या हाती निर्धास्त आहे. तू काय मिरजेला टेकून बसलायस असं नाही. माझ्या आधारासाठी बोलवत नाहीये, मी ठणठणीत आहे. तुझी काळजी वाटते म्हणूनही नाही. तो महिना मला बरा गेला, इतकंच. रोज सकाळी कुणीतरी माझ्याशी वाद घालत होतं.

विचार कर. नाही म्हणालास तरी चालेल, पण नीट कारण लिही.

तुझी
शैला


मिरज
९ नोव्हेंबर २०२५

चि. शैलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा अबोली चहाला आली होती. मी तिला वाचून दाखवलं. तिने कप विसळून ठेवला आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही इंदूरहून आल्यापासून रोज तिथलंच बोलताय. मला सुधाकरजींच्या गोळ्यांची नावं पाठ झालीत.”

मी दोन दिवस विचार केला. नाही म्हणायला कारण शोधलं. नदीवरचं चालणं, ते कुठेही चालता येतं. दुकान विकून दहा वर्षं झाली. ज्यांच्याबरोबर मी या गावात म्हातारा व्हायचं ठरवलं होतं त्यांतले पुष्कळ गेले, आणि जे आहेत त्यांच्यापासून मी स्वतःच उठून आलो होतो. आता त्यांना भेटायला लागलो आहे, त्यांना सोडताना वाईट वाटेल. हे एकच कारण खरं सापडलं, आणि ते न जाण्यासाठी पुरेसं नाही. मुलाला कळवलं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही पंचाहत्तरीनंतर नवीन गावी बिऱ्हाड करणार? मी म्हटलं, मग कधी करू?

प्रेमलताबाईंना सांग की जागा ठेवावी. भाडं त्या म्हणतील ते. तू बंगलोरहून परतलीस की त्याच आठवड्यात निघतो, कारण मला कुलूप उघडून द्यायला तू हवीस. सामान थोडंच आहे. पुस्तकं, पोळपाट, भाकरीचा तवा, दोन खुर्च्या. ज्वारी तिकडे चांगली मिळत नाही असं मला आठवतं, तेव्हा एक पोतं बरोबर आणतो.

वाद घालायचा म्हणतेस, तर एक आत्ताच सांगून ठेवतो. सकाळच्या फेरीला तुम्ही सगळे गप्पा मारत चालता. हा काय वेग आहे? मी आलो की हे बदलावं लागेल.

तुझा
हरीदादा